कुनाची माय पाण्याला आली

"तू आज खालच्या रानात जा," आत्याबाई म्हणाल्या. "म्हशीला चारा आण. अन् लवकर यायची घाई करू नको."

मी चुलीपुढं बसून जाळ सारत होते. चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हाच्या अन् हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजत होत्या. त्या कशासाठी आहेत हे मला ठाऊक होतं, आत्याबाईंना ठाऊक होतं, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा ठाऊक असेल.

"चारा कालच आणलाय," मी म्हणाले.

"मग आज बी आण."

"चतुराची पाणीपूजा हाय, तू घरात नको, असं सरळ म्हणा की."

आत्याबाईंनी झाकण उचलून एक दाणा चिमटीत दाबून बघितला. "सरळच म्हणते. तू नको," त्या म्हणाल्या, आणि झाकण ठेवून दिलं.

माझी सासू अशीच होती. कोंडाबाई नाव, पण सगळं गाव कारभारीण म्हणायचं. शब्द मोजून टाकायची, आणि टाकला की त्याच्यावर पाणी फिरवायची कुणाची छाती नव्हती. माझी जीभही काही कमी नव्हती. आमच्या दोघींच्या मध्ये माझा नवरा दगडू बिचारा नुसता पागोटं सारखं करत बसायचा.

आमच्या गावाला बारव आहे. वरून बघितली तर चौकोनी खड्डा, तीन बाजूंनी पायऱ्या, चाळीसएक असतील, आणि तळाशी हिरवं गार पाणी. सातही आसरा या पाण्यात राहतात असं मानतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी; कुणाला वाचवतात, कुणाला नेतात. गावात लग्न होऊन आलेली नवरी या पायऱ्या उतरून घागर भरते. पण बाळंत झाली की तिला बारव बंद. सव्वा महिन्यानं तिला पाच सवाष्णी घेऊन जातात. ती तळाशी उतरते, पाण्यातले सात खडे वेचून ओळीनं मांडते, त्यांना हळदीकुंकू लावते. मग वरच्या पायरीवरून सगुणामाय ओरडून विचारते, "कुनाची माय पाण्याला आली?"

सगुणामाय कोळ्याची म्हातारी. बारवेची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं. ती तीनदा विचारते, आणि खालच्या बाईनं आपल्या लेकराचं नाव घेऊन उत्तर द्यायचं. नाव सांगितलं की घागर बुडवायची, ती वर आणायची, आणि सगळ्या बाया त्यातलं घोट घोट पाणी पितात. त्या दिवसापासून ती बाई पुन्हा पाण्याची झाली, आणि गावानं तिला आई म्हणून मानलं. एवढंच आहे, पण आमच्याकडं याच्याहून मोठं काही नव्हतं.

माझं लेकरू नवव्या दिवशी गेलं. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. बारसं बाराव्या दिवशी असतं. म्हणजे नावच ठेवलेलं नव्हतं. बायांनी त्याला बांधावरच्या बोरीखाली नेऊन ठेवलं, मला नेलं नाही. सव्वा महिना झाला, दोन महिने झाले, कुणी मला पाण्याला न्यायला आलं नाही. कुणी नको म्हणालं असंही नाही. नावच नाही तर विचारायचं काय, आणि सांगायचं काय? मी वेशीजवळच्या हापशाचं खारट पाणी वापरायला आणायला लागले. पिण्याचं पाणी आधी शेजारची सुंदरा आणायची, कारण आत्याबाईंचे गुडघे दुखायचे. पुढं धाकटे दीर उद्धव यांचं लग्न झालं आणि त्यांची बायको चतुरा आणायला लागली. अडीच वर्षं मी दुसरीच्या हातचं पाणी प्याले. एकदा मी सगुणामायला विचारलंही होतं.

"दुसरं झालं की उतर ना बाई," ती म्हणाली होती. "घाई कशाची?"

"अन् पहिलं कुठं ठेवू?"

"पहिलं जे जगतं तेच पहिलं," ती म्हणाली. वाईट मनानं नाही. तिला तेच माहीत होतं.

आणि आता मला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना होता. सगळं घर खुशीत होतं. मी मात्र रात्रंदिवस एकच हिशोब मांडत होते, की हे लेकरू झालं आणि त्याचं नाव घेऊन मी एकदा का उतरले, की माझं ते नऊ दिवसांचं पोर गावाच्या लेखी कधी झालंच नव्हतं. कुणाला हे सांगावं तर हसतील, नाहीतर दृष्ट काढतील. म्हणून मी गप्प होते, आणि गप्प राहणं माझ्या अंगात नाही.

तर त्या मंगळवारी मी विळा अन् दोरी घेऊन खालच्या रानाला निघाले. वाट बारवेवरूनच जाते. मी काही मुद्दाम थांबले नाही असं म्हणणार होते, पण आता या वयात खोटं कशाला बोलू? मुद्दाम थांबले. काठावरच्या लिंबाच्या मागं उभी राहिले.

चतुरा हिरवं लुगडं नेसून खाली उतरली होती. तिचं पोर वर एका बाईच्या मांडीवर होतं. आत्याबाई नेहमीसारख्या काठावर घुगऱ्यांची पाटी घेऊन बसल्या होत्या; घुगऱ्या वाटायचा मान त्या कुणाला द्यायच्या नाहीत. खडे मांडून झाले. सगुणामायनं पदर खोचला आणि हाक दिली.

"कुनाची माय पाण्याला आली?"

चतुरा लाजली. पहिलटकरीण लाजतेच. बाया हसल्या. "बोल की गं, नाव विसरली का काय!"

"कुनाची माय पाण्याला आली?"

चतुरानं तोंडावर पदर घेतला आणि खुदकन हसली. तिचा राग नव्हता मला, आजही नाही. गरीब पोर. पण तिचं ते हसणं, आणि उत्तर तोंडात असून मजेनं थांबणं, हे माझ्याच्यानं बघवेना.

"कुनाची माय पाण्याला आली?"

"मी आले!"

आवाज माझा होता. मी लिंबाच्या पुढं कधी आले, विळा कधी खाली पडला, मला काही आठवत नाही. सगळ्या बायांच्या माना फिरल्या. सगुणामाय माझ्याकडं बघत राहिली. मग रीतीप्रमाणं तिनं विचारलं, कारण तिसऱ्या हाकेला जी उत्तर देईल तिला विचारावंच लागतं.

"नाव?"

नाव होतं माझ्याकडं. पोटात असल्यापासून ठरवलेलं होतं, अडीच वर्षं जिभेखाली होतं. पण तेवढ्या बाया डोळे फाडून बघत होत्या, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. चतुराचं पोर रडायला लागलं.

"बाई बाई बाई," कुणीतरी म्हणालं, "दुसरीची पूजा बाटवली."

तसं खरंच झालं होतं. तिसरी हाक वाया गेली की त्या दिवशी पाणी बंद. पूजा मंगळवारी आणि शुक्रवारीच होते, म्हणजे चतुराला शुक्रवारपर्यंत थांबणं आलं. ती रिकामी घागर घेऊन रडत वर आली. एकीनं माझ्या पोटाकडं बघून म्हटलं, "पोटुशी बाई असं करती का? आसरा सोडतील का?" मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या घुगऱ्यांच्या पाटीवर फडकं टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

घरी जे व्हायचं ते झालं. उद्धव भाऊजी आडवं-तिडवं बोलले. दगडू मला एकटीला गाठून म्हणाला, "काय केलं गं हे? कामून केलं?" मी म्हणाले, "मला काय माहीत." त्यानं पुढं विचारलं नाही. चांगला माणूस होता तो, पण अशा वेळी त्याला शब्द सापडत नसत. मी वाट बघत होते ती आत्याबाईंच्या तोंडाची. त्यांनी एकदाच काय ते फटकन बोलावं आणि मोकळं करावं. त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं. मला त्या गप्पपणाची भीती वाटली. वाटलं, आता मला घालवून देतात.

दुसऱ्या दिवशी बुधवार. ऊन डोक्यावर आलेलं. पुरुष रानात गेले होते, चतुरा पोराला घेऊन पडली होती. आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात दोन तांब्याच्या घागरी.

"चल."

"कुठं?"

"पाण्याला."

मला वाटलं ऊन लागलं यांना. "आत्याबाई, बारा वाजलेत."

भर बाराला बारवेवर चिटपाखरू जात नाही. त्या वेळेला आसरा न्हायला बाहेर येतात. पोटुशीनं तर त्या वाटेला बघायचंसुद्धा नाही.

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "कुनी नसतं."

"अन् आसरा?"

"त्या बी बायाच हैत. त्यास्नी काय समजत न्हाई व्हय?"

मी उठले. खरं सांगते, भ्याले होते. पोटावर पदर घट्ट ओढून घेतला आणि त्यांच्या मागं निघाले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बारवेवर पोहोचलो तर पारवे तेवढे कोनाड्यांत घुमत होते. आत्याबाईंनी चपला काठावर काढल्या आणि उतरायला लागल्या. माझ्या आधी.

एक एक पायरी पायानं चाचपत, भिंतीला हात लावून. मी म्हटलं गुडघे दुखत असतील. "तुम्ही वरच थांबा, मी उतरते," म्हणाले. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. खालून सातवी पायरी आली आणि त्यांनी नेमका उजव्या बाजूला पाय टाकला. मी पाठीमागून दंड धरला म्हणून बरं, नाहीतर कपाळमोक्ष होता. त्या बाजूचा दगडच नाही तिथं. बहात्तरच्या दुष्काळात गाळ काढताना निखळला तो. गावातली लहान पोरगीही तिथं डावीकडून उतरते, डोळे मिटून उतरते.

"आत्याबाई, इथला दगड नाही हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"कवा गेला?" त्यांनी विचारलं.

"सोळा वर्षं झाली."

त्यांनी डावीकडं पाय टाकला. सोळा वर्षांत या बाईनं इथं पाय ठेवला नाही, एवढं मला समजलं. मग गुडघे? गुडघे तर पाच-सहा वर्षांपासून दुखतात म्हणायच्या. पण ते विचारायची वेळ नव्हती. आम्ही तळाशी पोहोचलो.

इतका गारवा होता तिथं की वर ऊन आहे हे खरं वाटेना. मी पाण्यात हात घालून सात खडे वेचले, पाण्यालगतच्या ओट्यावर मांडले. आत्याबाईंनी कनवटीची हळदीकुंकवाची पुडी काढली. मी एकेका खड्याला लावलं. कुंकू सगळ्या ओट्यावर सांडलं.

"उभी ऱ्हा," आत्याबाई म्हणाल्या. त्या चार पायऱ्या वर चढल्या आणि माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. समोर बसल्यासारख्या सावकाश बोलल्या.

"कुनाची माय पाण्याला आली?"

मी वाकून एक खडा उगाच सरळ केला.

"कुनाची माय पाण्याला आली?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं त्या रागात असतील, किंवा सुनेचं वेड एकदाचं उतरवून टाकावं म्हणून आल्या असतील. तसं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. त्या खरोखरच विचारत होत्या. त्यांना नाव ऐकायचं होतं.

"कुनाची माय पाण्याला आली, पद्मिन?"

"माधवची," मी म्हणाले.

पहिल्यांदा ते नाव मी तोंडानं घेतलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. चारी भिंतींतून ते परत आलं, आणि मी मटकन ओट्यावर बसले. रडले म्हणजे किती रडले! बाळ गेलं तेव्हा अंगात ताकद नव्हती, नंतर लाज होती, ते सगळं त्या दिवशी निघालं. आत्याबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "घागर बुडव."

मी बुडवली. बुड बुड आवाज करत ती भरली. ती कमरेवर घेऊन मी पायरी चढायला लागले तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"खाली ठेव. आता तू इचार."

"कुणाला?"

"मला."

मला काही उमगलं नाही. त्या माझ्याजवळून खाली गेल्या. दुसरी घागर ओट्यावर ठेवली. वाकून एक एक करत सात खडे काढले आणि माझ्या खड्यांच्या खाली दुसरी ओळ मांडली. तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं दिसलं नाही. हळदीकुंकू लावलं. उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून सारखा केला आणि माझ्या हाकेची वाट बघत राहिल्या. साठीच्या जवळची बाई, आणि नवरीसारखी उभी होती.

मी विचारलं. कसं विचारलं मला ठाऊक नाही, पण विचारलं. "कुनाची माय पाण्याला आली?"

एकाच हाकेला त्यांनी उत्तर दिलं.

"गोजराची."

जरासुद्धा अडखळल्या नाहीत. रोज हाक मारत असाव्यात तसं आलं ते नाव.

"कोण गोजरा?" मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"माझी पोरगी. दगडूच्या आधीची. बारशाच्या आदल्या रातीला गेली." त्या पाण्याकडं बघत बोलत होत्या. "मला बी कुनी आनलं न्हाई. दोन वर्षानं दगडू झाला. मला म्हनले, आता चल पाण्याला. बाळंतपन माह्या माहेरी झालं व्हतं. सांगून टाकलं, नदीवर पूजा झाली. उद्धवच्या टायमाला बी तेच सांगितलं."

"खोटंच?"

"खोटंच. दगडूचं नाव घेऊन उतरले असते तर तो थोरला झाला असता. मग पोरगी कुठं ऱ्हाती? आधी सासू पानी आनायची, मग जाऊ, मग सुंदरा. कुनी इचारलं तर गुडघे." त्यांनी रिकामी घागर जवळ ओढली. "बत्तीस वर्षं. काल तू वरडली, अन् मला वाटलं माह्याच तोंडातून गेलं."

मग कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दगडू! आधीचं लेकरू गेलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, कोंडू ठेवतात, काळाची नजर लागू नये म्हणून. हे कुणाला माहीत नाही आमच्याकडं? पाच वर्षं मी त्या नावाच्या माणसाशी संसार करत होते, आणि एकदाही मनात आलं नाही की याच्या आधी कोण होतं. मला माझीच इतकी लाज वाटली. ज्या बाईला मी अडीच वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्या दुःखाची मी विचारपूसही केली नव्हती.

"मग मला कामून नाही आणलं आधी?" मी म्हणाले. रागानं नाही, पण म्हणाले.

"कशी आनू? जी सवता उतरली न्हाई, ती दुसरीला काय उतरवनार?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं. "भित व्हते गं मी. काल तू भ्याली न्हाईस."

"भ्याले की. नाव कुठं सांगितलं?"

"वरडली तर खरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांची घागर पाण्यात बुडवली.

आम्ही त्या दोन घागरी घेऊन भर उन्हात गावातून आलो, मधल्या आळीनं, सगळ्यांच्या दारावरून. सगुणामाय उंबऱ्यात बसली होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं, मग त्यांच्या डोक्यावरच्या घागरीकडं. तिच्या सगळं लक्षात आलं असावं. ती उठून पुढं आली आणि काही न विचारता ओंजळ पुढं केली. आत्याबाईंनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, मग मी ओतलं. ती प्याली. ती दोन्ही घागरींतलं पाणी प्याली म्हटल्यावर गावात कुणाला काही बोलायला जागा राहिली नाही. शुक्रवारी चतुराची पूजा थाटात झाली, आणि तिला घेऊन मी स्वतः खाली उतरले. मला पुढं मुलगी झाली. तिचं नाव घेऊनही मी उतरले, पण तेव्हा काळजात काही तुटलं नाही, कारण ती दुसरी होती आणि दुसरीच राहिली.

गोजराचं मी कुणाजवळ बोलले नाही. फक्त एकदा नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पागोटं सारखं केलं आणि रानात निघून गेला. मला वाटलं, विसरला असेल.

आत्याबाई पिकल्या पानासारख्या गेल्या, नव्वदीला आल्या होत्या. दहाव्याला नदीवर सगळे जमले. पुण्याहून त्यांच्या भावाचा नातू आला होता, त्यानं घराण्याची माहिती एका वहीत लिहायला घेतली होती. तो उद्धव भाऊजींजवळ बसला.

"आजींना मुलं किती?"

"दोन," भाऊजी म्हणाले. "दगडूदादा थोरला, मी धाकटा."

माझा नवरा डोक्याचं मुंडण करून पाण्याच्या कडेला बसला होता, साठी उलटलेला म्हातारा. त्यानं मान वळवली.

"तीन," तो म्हणाला. "लिही. थोरली गोजरा. मी मधला."